अवधानाचे दोन वाटे

मानसशास्त्राच्या व्याख्या मला आजही वाफ्यांच्या ओळीनेच आठवतात. मुळ्याच्या वाफ्यात संवेदना, पालकाच्या वाफ्यात प्रत्यक्ष ज्ञान, मेथीत कल्पना, वांग्यांत स्मृती, मिरचीत सवय. उजाडताना दीर मोट हाकायचे आणि मी पाटाच्या कडेने फिरत पाणी द्यायची. एका वाफ्यात पाणी भरेपर्यंत एकच व्याख्या म्हणत राहायची. पाणी काठाला टेकलं की मातीचा गोळा लावून तोंड बुजवायचं, पुढच्या वाफ्याचं फोडायचं आणि व्याख्याही पुढची घ्यायची. जाऊ मिरच्या तोडता तोडता म्हणायची, "भाजीले मंतर मारून राह्यल्या काय बाई? यंदा वांगी परीक्षेले बसतीन असं दिसते."

मला हसू यायचं नाही. झोप अपुरी, पायात चिखल, आणि अकरा वाजता शाळेत उभं राहायचं. तिशी उलटलेल्या बाईने पाठांतर करायला बसावं, हे शरीराला पटत नाही. सकाळी पाठ केलेलं दुपारी पोरींच्या गोंगाटात वाहून जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाफ्यापाशी यावं लागायचं.

किन्हीराजाची मुलींची शाळा मी उभी केली होती. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी लिहिते. नवरा गेला तेव्हा मी विशीत होते. त्याने हौसेने मला अक्षरं शिकवली होती, तेवढी माझ्यापाशी राहिली. भाजी विकायला घरोघर फिरायची, तेव्हा ज्या घरी पोरगी दिसेल तिथे मी भाजीत सूट द्यायची आणि बदल्यात पोरगी मागायची. "सकाळचे दोन घंटे द्या, मंग घ्या सांबार फुकट." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. चावडीमागच्या पडवीत शाळा भरायची. पोरी वाढल्या, बोर्डाची माणसं येऊन पाहून गेली, आणि शाळा बोर्डाची झाली. मला त्यांनी ठेवलं, पण कामचलाऊ म्हणून. हुकुमात तसंच लिहिलेलं होतं. शिक्षिकेची परीक्षा पास झाले तर कायम, नाही तर परीक्षा झालेली बाई येईल.

पहिल्या खेपेला मी सगळ्या विषयांत पास झाले. भाषेत, गणितात, भूगोलातसुद्धा. मानसशास्त्रात नापास. सवय कशी लागते, असा प्रश्न होता. मी लिहिलं की गिऱ्हाईक पहिल्यांदा ज्या हाताकडून ताजी भाजी घेतं, त्याच हाताकडे पुढे न बघता येतं. पण एकदा त्याला किडकं वांगं गेलं की बरीच वर्षं लागलेली सवय एका दिवसात मोडते. मला वाटलं, चांगलं लिहिलं. शून्य मिळालं असावं.

डिपटीसाहेब शाळा तपासायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, आणखी एक खेप बसा. यंदा झालं नाही तर माझा इलाज नाही. वरून बाई पाठवतील."

त्या विषयाचं पुस्तक आमच्या भागात एकाच माणसाकडे होतं. मालेगावात एक मास्तर राहत. पूर्वी शिक्षक तयार करायच्या शाळेत शिकवत, मग पेन्शन घेऊन बायकोसह इथे येऊन राहिले होते. माणूस पांढऱ्या केसांचा, नीटनेटका, बोलणं तोलून. पुस्तक ते उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत. कोणीतरी एकदा नेलं होतं ते पानं गळलेलं परत आलं, हे ते प्रत्येकाला सांगत.

मालेगावचा बाजार असला की किन्हीराजाच्या पोरी शाळेत येतच नसत, म्हणून त्या दिवशी मी सुटीच देऊन टाकली होती. मी दिरांच्या बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, भाजी घेऊन मालेगावला जायची. पहिल्या बाजाराला माल उठल्यावर उरलेलं टोपलं घेऊन मी मास्तरांच्या ओसरीवर गेले आणि काय हवं ते सांगितलं.

ते म्हणाले, "शिकवणी मी कधी विकली नाही."

"मंग फुकट द्या."

"फुकटही दिली नाही."

आतून मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, वांगी बघा तिच्या टोपल्यातली. काटेरी आहेत."

मास्तरांनी वांगी पाहिली. तिथून बोलणं सुरू झालं. बाजारात आम्ही भाजीचे वाटे लावतो, म्हणजे लहान लहान ढीग, आणि ढिगाने विकतो. ठरलं ते असं: एका बाजाराला एक प्रकरण, आणि एका प्रकरणाला एक वाटा. भाजी कोणती ती मास्तरीणबाई निवडतील. मी आणखी एक अट घातली, की मला तोंडपाठ होईपर्यंत सांगायचं. नुसतं एकदा वाचून "झालं" म्हणायचं नाही.

"आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही," मास्तर म्हणाले.

ही अट मी कबूल केली, पण माझ्याने पाळली गेली नाही. ते सांगत, "इंद्रियावर बाह्य वस्तूचा परिणाम होऊन मनाला जी पहिली साधी जाणीव होते, ती संवेदना. त्या संवेदनेला पूर्वीच्या अनुभवाने अर्थ लागला की ते प्रत्यक्ष ज्ञान." मी म्हणायची, "म्हंजे टोपल्यात हात घातला अन् गार लागलं ते एक, अन् हे वांगं हाय हे समजलं ते दुसरं."

"बरोबर आहे. पण वांगं लिहू नका."

"काहून?"

"तपासणारा वांगी तपासत नाही, बाई. पुस्तकातली व्याख्या लिहिली आहे की नाही, एवढंच बघतो. तुमचं मागच्या वर्षीचं उत्तर खोटं नव्हतं. पुस्तकात नव्हतं."

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोटं नव्हतं, तर शून्य का? मी ओसरीवरच मोठ्याने बोलले. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, "इंद्रियावर बाह्य वस्तूचा." माणूस चिडत नसे. त्याचाही मला रागच यायचा. सौद्यात समोरचा चिडला की तो कुठवर आला ते कळतं. या माणसाचं काही कळत नसे.

अशी प्रकरणं होत गेली. संवेदना मुळ्यावर, प्रत्यक्ष ज्ञान पालकावर, कल्पना मेथीवर गेली. स्मृतीचं प्रकरण लांबलचक होतं. एका गोष्टीबरोबर दुसरी आठवते ते साहचर्य, उजळणी केल्याने ठसा पक्का होतो, आणि आवड नसलेलं आधी विसरलं जातं. ते सगळं एका वाट्यात मिळालं, म्हणून मी खूश होते. घरी आल्यावर जे प्रकरण ज्या भाजीवर घेतलं, ते त्याच भाजीच्या वाफ्यात पाठ करायचं, असा माझा नेम झाला. पाटाच्या शेवटी कोबीचा वाफा होता. तो शेवटच्या प्रकरणासाठी मोकळा ठेवला होता.

शेवटचं प्रकरण राहिलं अवधान. परीक्षेआधीचा तो शेवटचा बाजार होता. ऊन फार होतं, माल धड उठला नव्हता, आणि सकाळी एका गिऱ्हाइकाशी माझं भांडण झालं होतं. मास्तरीणबाईंनी सांगून ठेवलेल्या कोबीचा एक वाटा घेऊन मी ओसरीवर बसले.

मास्तर म्हणाले, "आज दोन वाटे."

"कायले?"

"अवधान हे सगळ्यांत महत्त्वाचं प्रकरण. प्रश्न हमखास येतो."

"स्मृती एवढी मोठी होती, ते एका वाट्यात देल्ली. आता ह्याले दोन?"

"स्मृतीच्या वेळी मी चुकलो. ही म्हणाली, स्वस्तात गेलं."

आतून आवाज आला, "मी कशाला म्हणते? तुम्हीच म्हणालात!"

हमखास येतो, हे शब्द ऐकले आणि मी सावध झाले. बाजारात ज्याच्यापुढे शेवटचा माल उरतो, तो त्या मालाची अशीच तारीफ करतो. असा कांदा पुढच्या बाजाराला मिळणार नाही म्हणतो, आणि खालचे कांदे नासलेले असतात. मला वाटलं, प्रकरण लहान असणार, म्हणूनच एवढं वाढवून सांगून राह्यले.

"एक वाटा अन् वरून सांबाराची जुडी," मी म्हटलं.

"दोन वाटे."

"मास्तर, तुमी आता बाजारवाल्यावानी बोलून राह्यले."

"तुमच्याचकडून शिकलो, बाई."

मी उठले. टोपलं डोक्यावर घेतलं. सौदा अडला की उठून चालायला लागायचं, आणि समोरच्याने हाक मारायची. हे सगळ्यांना माहीत असतं. चालताना घाई करायची नसते. मी ओसरीच्या पायरीवर थांबून पदर नीट केला. शिंप्याच्या दुकानापाशी वाकून वहाणेचा अंगठा चाचपला. शिंपी म्हणाला, "काय बाई, आज लवकर?" मी त्याच्याशी उगाच दोन शब्द बोलले. नंतर कडुनिंबापाशी पोचले. तिथून गल्ली वळते. वळताना कान मागेच होते. हाक आली नाही.

परत जाणं मला जमणारं नव्हतं. हाक नसताना परत गेलेल्या माणसाला पुढे कोणीही भाव देत नाही. दिरांनी बंडी जुंपली होती. मी कोबी टोपल्यासकट बंडीत ठेवला आणि आम्ही निघालो. मेडशीच्या वाटेचे लोक गाड्या जुंपत होते, आमची वाट दुसरी. दीर म्हणाले, "झालं का अवधान?"

"झालं," मी म्हटलं.

परीक्षा अकोल्याला होती. कागद हातात आला. पहिलाच प्रश्न, सोडता न येणारा: अवधान म्हणजे काय? त्याचे प्रकार सांगा आणि वर्गात अवधान टिकवण्याचे उपाय लिहा.

मी डोळे मिटले आणि मुळ्यापासून निघाले. संवेदना, प्रत्यक्ष ज्ञान, कल्पना, स्मृती, सवय, सगळे वाफे भरलेले होते. कोबीच्या वाफ्यापाशी आले. तो कोरडा होता.

बाकीचे प्रश्न मी पुस्तकासारखे लिहिले. वांगं एकाही उत्तरात येऊ दिलं नाही. अवधानाच्या प्रश्नाला मात्र जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच लिहावं लागलं. चावडीवरून बंडी गेली की सगळ्या पोरी मान वळवतात, तेव्हा रागवायचं नाही. बंडीला किती बैल आणि कोणत्या चाकाचा आवाज, असं विचारायचं, म्हणजे त्या आपल्याकडे परत येतात. लिहिताना मला माहीत होतं की हे पुस्तकात नाही.

निकाल आला. मानसशास्त्र पुन्हा राहिलं, थोडक्यात राहिलं असं डिपटीसाहेबांनी सांगितलं. थोडक्यात म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

उन्हाळ्यानंतर नवी बाई आली. अमरावतीकडची, तरुण, हातात छत्री. बाई वाईट नव्हती. तिने मला वाकून नमस्कार केला, तो मला नको होता. डिपटीसाहेब बरोबर होते. पाट्या, फळा, घंटा, सगळं एकेक दाखवून दिलं. शेवटी मी दाराचं कुलूप काढून पदरात बांधलं.

साहेब म्हणाले, "बाई, कुलूप राहू द्या."

"कुलूप माहं हाय. म्या बाजारातून आनलं."

"पण दार शाळेचं आहे ना?"

"असं म्हनान तर शाळाबी माही हाय. ते देली ना तुमाले? आता कुलूप तं राहू द्या मले."

पोरी भिंतीशी उभ्या राहून पाहत होत्या. नवी बाई म्हणाली, "साहेब, असू द्या. मी घरून आणीन." मी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी शाळेचं दार सुतळीने बांधलं गेलं.

त्यानंतर मी पूर्ण वेळ भाजीच विकू लागले. एका बाजाराला मास्तर माझ्या वाट्यांपुढे येऊन उभे राहिले. मी मान वर केली नाही. त्यांनी एक वांगं उचललं, देठ पाहिला आणि म्हणाले, "निकाल कळला. वाईट वाटलं."

"प्रश्न आला होता," मी म्हटलं.

"मी सांगितलं होतं, हमखास येतो."

"सांगतलं होतं! मंग हाक काहून नाई मारली?"

ते खरंच गोंधळले. "मी? हाक तुम्ही मारायची. मी ओसरीवर वाट पाहत बसलो होतो."

"म्या? म्या तं चालली होती. चालनाऱ्याले हाक मारतेत!"

"बाई, बाजारात हाक कोण मारतं?"

"इकनारा मारते."

"मग झालं तर. विकणाऱ्या तुम्ही. भाजी तुमची होती."

"भाजी माही, पन माल तुमचा होता! अवधान तुमी इकून राह्यले होते!"

शेजारच्या बागवानाने कांदे तोलता तोलता हात थांबवला. मास्तरांनी हातातलं वांगं फिरवून पाहिलं. ते म्हणाले, "मी तर स्वतःला गिऱ्हाईक समजत होतो. ही सारखी म्हणत होती, बाई येतील परत, गरज त्यांना आहे. मी म्हटलं, टोपलं त्यांच्या डोक्यावर आहे, ओझं त्यांना आहे, येतील."

"अन् म्या म्हनलं, वांगी तुमच्या तोंडाले लागली हायेत, माराल हाक."

बागवान म्हणाला, "दोघंबी गिऱ्हाईक झाले, तं दुकान कोनाचं?" आणि हसायला लागला. मला हसू आलं नाही. मास्तरांनाही आलं नाही. त्यांनी वांगं परत ठेवलं, तसंच, देठ वर करून.

मी त्या दिवसाचा फार विचार केला आहे, आणि माझं मत बदललेलं नाही. हाक त्यांनी मारायला हवी होती. ओसरीवर बसलेला तो दुकानदार. ज्याच्या डोक्यावर टोपलं आहे, त्याने परत वळायचं नसतं. एवढं मानसशास्त्र शिकवलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

पण मला परीक्षेला पुन्हा बसायचं होतं, आणि ती त्यांच्याशिवाय होणार नव्हती. पुढच्या हंगामात मी कोबीचे दोन वाटे घेऊन ओसरीवर गेले आणि ते पायरीवर मांडले. आतून मास्तरीणबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मास्तरांनी पुस्तक उघडलं.

"इतर विषय बाजूला सारून मन एका विषयावर स्थिर करणं म्हणजे अवधान. ते दोन प्रकारचं, ऐच्छिक आणि अनैच्छिक. ऐच्छिकाला प्रयत्न लागतो, अनैच्छिक आवडीने आपोआप जडतं. वर्गात शिक्षकाने आवडीच्या वाटेने मुलांना प्रयत्नाकडे न्यावं."

मी वाट पाहिली. त्यांनी पान उलटलं नाही.

"फुडं?"

"पुढे उदाहरणं आहेत. मुख्य म्हणाल तर एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

मी ते म्हणून दाखवलं. पहिल्या खेपेलाच पाठ झालं. एवढ्याशा बोलण्यापायी शाळा गेली होती. बंडीच्या बैलांचं मी लिहिलं होतं, तेसुद्धा आवडीच्या वाटेनेच होतं की नाही, ते मी मास्तरांना विचारणार होते, पण थकले होते. विचारून काय, ते म्हणाले असते, बरोबर आहे, पण बैल लिहू नका.

मी उठले आणि पायरीवरचा एक वाटा उचलून टोपल्यात टाकला. स्मृतीएवढंसुद्धा नव्हतं ते. एका वाट्याचाच माल होता. मी चालायला लागले. पदर सावरला नाही, शिंप्याशी बोलले नाही, सरळ चालले. कडुनिंबापाशी पोचायच्या आत मागून आवाज आला, "अहो बाई! बाई, थांबा!"

हाक आली होती. एक हंगाम उशिरा, आणि तीही कोबीसाठी. मी थांबले नाही.

त्या वर्षी मी पास झाले. डिपटीसाहेबांच्या कचेरीत जाऊन मी किन्हीराजा मागितलं. ते म्हणाले, "तिथली जागा भरली आहे. मेडशीला नवी शाळा काढायची आहे. जागा नाही, पोरी नाहीत, पण तुम्हाला जमेल."

"किन्हीराजा द्या, नाई तं राहू द्या," मी म्हटलं आणि उठले.

दारापर्यंत गेले. साहेब दुसरा कागद वाचायला लागले होते. कान मागे ठेवून चालणं मला त्या दिवशी फार जड गेलं. या माणसाला हाक मारायचं काही कारण नव्हतं. त्याला काही विकायचं नव्हतं, विकत घ्यायचंही नव्हतं. मी उंबऱ्यावरून वळले, परत आले आणि मेडशी घेतली.

पहिल्या दिवशी मेडशीला एका गोठ्याची भिंत सारवून घेतली आणि सांबाराच्या जुड्या घेऊन घरोघर फिरले. "सकाळचे दोन घंटे द्या," असं प्रत्येक दारात म्हटलं. संध्याकाळी गोठ्याच्या दाराला किन्हीराजाचं कुलूप लावलं. किल्ली जुनीच होती, थोडी अडकून फिरली.